१,१४,००० ची कपात, ६४,५०० ची तक्रार

साताऱ्याचे एक निवृत्त शिक्षक, वय ६८. गुडघा बदलायची शस्त्रक्रिया पुण्यातल्या एका खासगी रुग्णालयात झाली. आरोग्य विम्याची पॉलिसी पाच लाखांची, सातवं वर्ष चालू, कॅशलेस मंजूर. एकूण बिल २,९४,००० रुपये. कंपनीने दिले १,८०,०००. उरलेले १,१४,००० रुपये शनिवारी दुपारी डिस्चार्ज काउंटरवर मुलीने कार्डावर भरले, कारण भरल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर जात नाही. प्रकरण नमुन्याचं आहे आणि आकडे हिशेब डोळ्यांसमोर राहावा म्हणून गोल केले आहेत. कपातीची पद्धत मात्र रोजची आहे.

दावा पूर्ण नाकारला की माणूस चिडून तक्रार करतो. दावा मंजूर होऊन मधूनच कापला गेला की बहुतेक जण गप्प बसतात. ‘नियमाप्रमाणे कापलं असेल’ असं म्हणून फाइल कपाटात जाते. या घरातही तेच व्हायचं होतं. मुलीने सेटलमेंट लेटर नीट वाचलं म्हणून टळलं. त्यात कपातीचं कारण एका ओळीत होतं: ‘पात्र रूम रेंटपेक्षा वरची खोली घेतल्याने प्रपोर्शनेट डिडक्शन.’

ही प्रपोर्शनेट डिडक्शनची, म्हणजे प्रमाणशीर कपातीची, भानगड आधी समजून घेऊ. पॉलिसीत रूम रेंटची मर्यादा विमा रकमेच्या १ टक्का होती, म्हणजे दिवसाला ५,००० रुपये. आयसीयूसाठी २ टक्के, म्हणजे १०,०००. घेतलेली सिंगल रूम ८,००० ची होती. घरच्यांचा समज असा, की वरचे ३,००० रुपये रोजचे आपण भरायचे, चार दिवसांचे १२,००० झाले, विषय संपला. पण आपल्याकडे बऱ्याच रुग्णालयांत खोलीच्या वर्गाप्रमाणे सर्जनची फी, व्हिजिटचे पैसे, नर्सिंग हे सगळंच चढतं. तोच सर्जन, तीच शस्त्रक्रिया, पण सिंगल रूमच्या पेशंटला जास्त दर. म्हणून कंपनी म्हणते, की पात्रता ५,००० ची आणि घेतली ८,००० ची, तर खोलीशी जोडलेला खर्चही ५/८ म्हणजे ६२.५ टक्केच देऊ. तत्त्व म्हणून यात चूक नाही. चूक होते ती हे गुणोत्तर कशाकशाला लावायचं यात.

बिलाचा ब्रेकअप असा होता:

खोली, ४ दिवस: ३२,०००
आयसीयू, १ दिवस: १०,०००
सर्जन, सहायक आणि भूलतज्ज्ञ: ७२,०००
ऑपरेशन थिएटर: ३६,०००
व्हिजिट आणि नर्सिंग: १२,०००
इम्प्लांट: ७०,०००
औषधं आणि शस्त्रक्रियेचं साहित्य: ३८,०००
तपासण्या: १८,०००
फाइल चार्जेस, ॲडमिशन किट, नातेवाइकाचं जेवण वगैरे: ६,०००

कंपनीने काय केलं ते कॅल्क्युलेटरवर दोन मिनिटांत उघड होतं. शेवटचे ६,००० काढले, राहिले २,८८,०००. त्याचे ६२.५ टक्के म्हणजे बरोबर १,८०,०००. थोडक्यात, सगळ्या बिलावर एकच वरवंटा फिरवला. इम्प्लांटवरही, गोळ्या-इंजेक्शनवरही, रक्ताच्या तपासण्यांवरही. गुडघ्यात बसवलेला धातूचा सांधा जनरल वॉर्डातल्या पेशंटला स्वस्त आणि सिंगल रूमवाल्याला महाग मिळतो असं काही नसतं. ॲन्टिबायोटिकच्या बाटलीवरची एमआरपी खोली बघून छापलेली नसते.

देशाच्या विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, ११ जून २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत नेमकं हेच बांधून दिलं. प्रमाणशीर कपात फक्त ‘असोसिएटेड मेडिकल एक्स्पेन्सेस’वर, म्हणजे खोलीच्या वर्गाशी जोडलेल्या खर्चावर करता येते. औषधं आणि कन्झ्युमेबल्स (वापरून टाकायचं साहित्य), इम्प्लांट आणि वैद्यकीय उपकरणं, तपासण्या हे तीन खर्च या व्याख्येत घेता येत नाहीत. आयसीयूच्या खर्चावर अशी कपात लावता येत नाही. आणि बहुतेकांच्या नजरेतून सुटणारी चौथी गोष्ट: जे रुग्णालय खोलीप्रमाणे दर बदलत नाही तिथे, किंवा बिलातल्या ज्या बाबीचा दर खोलीप्रमाणे बदलत नाही त्या बाबीवर, ही कपात लावता येत नाही.

मात्र तक्रारीत २०२० च्या परिपत्रकाचा क्रमांक ठणकावून लिहू नका. २९ मे २०२४ च्या आरोग्य विम्याच्या मास्टर सर्क्युलरने आधीची ५५ परिपत्रकं एका झटक्यात रद्द केली. जुना क्रमांक दिला, की ‘हे परिपत्रक आता लागू नाही’ असं दीड ओळीचं उत्तर पाठवायला कंपनी मोकळी. त्यापेक्षा आपल्या पॉलिसीचं पुस्तक उघडा. २०२० नंतर ही व्याख्या पॉलिसीच्या मजकुरात छापली जाऊ लागली. या प्रकरणात व्याख्यांच्या पानावर ‘असोसिएटेड मेडिकल एक्स्पेन्सेस’ची व्याख्या होती आणि वगळलेले खर्च तिथेच लिहिलेले होते. स्वतःच्या कराराचं कलम नाकारणं कंपनीला जड जातं.

आता खरा हिशेब. खोलीचे ४ × ५,००० = २०,००० मिळायला हवे, म्हणजे १२,००० ची कपात रास्त. ६,००० चे किरकोळ खर्चही रास्त कापले. फाइल चार्जेस आणि ॲडमिशन किट नियामकाच्या यादीप्रमाणे खोलीच्या भाड्यातच धरलेले असतात, वेगळे मिळत नाहीत. इम्प्लांट ७०,०००, औषधं ३८,०००, तपासण्या १८,००० आणि आयसीयू १०,०००, मिळून १,३६,०००. यावर कापलेले ३७.५ टक्के म्हणजे ५१,००० सरळसरळ चुकीचे. राहिले सर्जन, थिएटर, व्हिजिट आणि नर्सिंगचे १,२०,०००. त्यावरची ४५,००० ची कपात वरवर नियमात बसते.

इथे बहुतेक जण थांबतात. मुलगी थांबली नाही, तिने रुग्णालयाचं टॅरिफ कार्ड, म्हणजे दरपत्रक, मागितलं. महाराष्ट्रात शुश्रूषागृह नोंदणी नियमांत २०२१ मध्ये दुरुस्ती झाल्यापासून दर आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे, त्यामुळे ‘दर देत नाही’ हे उत्तर टिकत नाही. टॅरिफ कार्डात सर्जनची फी, व्हिजिट आणि नर्सिंग खोलीप्रमाणे बदलत होतं, पण ऑपरेशन थिएटरचा दर सगळ्या वर्गांना एकच होता. मग ३६,००० वर कापलेले १३,५०० रुपयेही चुकीचे. बिलिंग विभागाकडून तसं एका वाक्याचं पत्र शिक्क्यासह घेतलं. ते मिळवायला तीन हेलपाटे पडले. टीपीए (विमा कंपनीसाठी दावे हाताळणारी मध्यस्थ संस्था) डेस्कवर बसलेला मुलगा हे पत्र देऊ शकत नाही. मेडिकल सुपरिटेंडेंटच्या नावाने लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी.

तर मागणी ठरली: ५१,००० + १३,५०० = ६४,५०० रुपये. कापलेले सगळे १,१४,००० मागायचा मोह होतो. मागू नयेत. त्यातले ४९,५०० (खोलीचे १२,०००, सर्जन-व्हिजिट-नर्सिंगवरचे ३१,५०० आणि किरकोळ ६,०००) पॉलिसीप्रमाणेच कापले आहेत. ते मागितले, की उत्तर लिहिणारा त्याच ४९,५०० वर बोट ठेवून सगळी तक्रार फेटाळतो. आपणहून सोडून दिले, की उरलेल्या आकड्याला वजन येतं.

तक्रार कुठे करायची यावर घरात बरीच चर्चा झाली. कोणी म्हणालं जिल्हाधिकारी, कोणी म्हणालं मंत्रालय. अमेरिकेत असलेल्या भाच्याने ‘स्टेटच्या इन्शुरन्स डिपार्टमेंटला लिही’ असं सांगितलं. त्याचं तिथल्यापुरतं बरोबर आहे, तिथे प्रत्येक राज्याचा स्वतंत्र विमा विभाग असतो. आपल्याकडे महाराष्ट्राचा वेगळा विमा नियामक नाही. सगळ्या देशाला एकच, हैदराबादला. पायऱ्या तीन: कंपनीचा तक्रार निवारण अधिकारी, मग नियामकाचं ‘बीमा भरोसा’ पोर्टल, मग विमा लोकपाल, म्हणजे विम्याच्या तक्रारींवर निवाडा देणारे अधिकारी. पहिली पायरी गाळून तिसरीवर उडी मारता येत नाही. लोकपाल ‘आधी कंपनीकडे लेखी तक्रार केली का’ हे पाहतातच.

पहिली तक्रार २१ जुलैला ईमेलने गेली, डिस्चार्जनंतर नऊ दिवसांनी. पत्त्यात एक चूक होता होता राहिली. सेटलमेंट लेटर टीपीएच्या लेटरहेडवर होतं, म्हणून मसुदा टीपीएच्या नावाने लिहिला होता. टीपीए कागद हाताळणारा मध्यस्थ असतो. दाव्याची जबाबदारी विमा कंपनीची, म्हणून पत्र कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला, टीपीएला फक्त प्रत. अधिकाऱ्याचा ईमेल पॉलिसीच्या शेवटच्या पानांत छापलेला असतो. पत्राचा गाभा एवढाच होता:

‘पॉलिसी क्रमांक अमुक, दावा क्रमांक तमुक. आपल्या १२ जुलै २०२५ च्या पत्रानुसार २,८८,००० रुपयांच्या पूर्ण रकमेवर ३७.५ टक्के प्रमाणशीर कपात झाली आहे. पॉलिसीतील असोसिएटेड मेडिकल एक्स्पेन्सेसच्या व्याख्येनुसार (पान १९) इम्प्लांट, औषधे व साहित्य आणि तपासण्या यांवर ही कपात लागू होत नाही, आयसीयू खर्चावरही होत नाही. या चार बाबींवरील चुकीची कपात ५१,००० रुपये. ऑपरेशन थिएटरचा दर सर्व वर्गांना समान असल्याचे रुग्णालयाचे पत्र सोबत आहे. त्या बाबीवरील चुकीची कपात १३,५०० रुपये. एकूण ६४,५०० रुपये विलंबाच्या व्याजासह द्यावेत. खोलीभाड्यातील फरक, सर्जन-व्हिजिट-नर्सिंगवरील कपात आणि अदेय बाबींवरील कपात आम्हाला मान्य आहे. मागणी अमान्य असल्यास पॉलिसीतील कोणत्या कलमानुसार, ते बाबवार कळवावे.’

शेवटचं वाक्य महत्त्वाचं. त्यामुळे गुळमुळीत उत्तर आलं तर तेच पुढच्या पायरीवर पुरावा ठरतं. वडिलांचं वय, चाळीस वर्षांची नोकरी, आयुष्यात पहिल्यांदाच केलेला क्लेम, हे सगळं मसुद्यात होतं ते काढलं. वाईट वाटून घेण्याचं कारण नाही. वाचणाऱ्याच्या स्क्रीनवर बाब, रक्कम आणि कलम एवढ्याच रकान्यांना जागा असते.

सोबत जोडलं: पॉलिसी शेड्यूल, व्याख्येचं पान, सेटलमेंट लेटर, ब्रेकअप बिल, इम्प्लांटचं इन्व्हॉइस आणि त्याच्या खोक्यावरच्या स्टिकरची प्रत, टॅरिफ कार्डाचं पान, रुग्णालयाचं पत्र, १,१४,००० भरल्याची पावती. इम्प्लांटचं इन्व्हॉइस का, याला कारण आहे. पहिल्या बिलात ‘शस्त्रक्रिया व इम्प्लांट’ ही एकच ओळ होती, १,०६,००० ची. अशी एकत्र ओळ असली, की तपासणारा ती सगळीच शस्त्रक्रियेच्या खर्चात टाकतो आणि गुणोत्तर लावून मोकळा होतो. ३६,००० आणि ७०,००० वेगळे दाखवणारं सुधारित बिल डिस्चार्जनंतर मागून घ्यावं लागलं. डिस्चार्जच्या आदल्या संध्याकाळीच काउंटरवर ‘ब्रेकअप बिल द्या, इम्प्लांट वेगळं दाखवा’ म्हटलं असतं तर निम्मी लढाई तिथेच संपली असती.

एक धास्ती घरात होती. डिस्चार्जच्या वेळी मुलीने ‘पूर्ण व अंतिम सेटलमेंट मान्य’ अशा अर्थाच्या कागदावर सही केली होती. आता तोंड बंद झालं का? नाही. अशा व्हाउचरवर सही केल्याने जास्त रकमेसाठी दाद मागायचा हक्क संपत नाही, हे नियामकाने २०१५ मध्येच कंपन्यांना स्पष्ट केलं होतं. तरीही सही करायचीच वेळ आली तर खाली ‘रक्कम हक्क राखून स्वीकारली’ असं हाताने लिहावं.

कंपनीने तक्रारीचा निकाल १४ दिवसांत लावायचा असतो. उत्तर १ ऑगस्टला आलं: ‘दाव्याची प्रक्रिया पॉलिसीच्या अटी व शर्तींनुसार योग्य आहे.’ कलम नाही, बाबवार काही नाही. हे अपेक्षितच होतं आणि असं उत्तर आल्यावर खचून जाऊ नये. उत्तर आलं म्हणजे पुढचं दार उघडलं.

५ ऑगस्टला बीमा भरोसावर नोंद केली. मोबाइल आणि ईमेलने खातं उघडायचं, कंपनी, पॉलिसी क्रमांक, तक्रारीचा प्रकार निवडायचा, कागद जोडायचे, टोकन क्रमांक मिळतो. ज्यांना पोर्टल जमत नाही त्यांच्यासाठी १५५२५५ हा टोल फ्री क्रमांक आहे. इथे एक गैरसमज दूर केलेला बरा. आयआरडीएआय आपल्या दाव्याचा न्यायनिवाडा करत नाही. तक्रार परत त्याच कंपनीकडे जाते, फक्त आता तिच्यावर नियामकाची नजर आणि मुदतीचं घड्याळ असतं. तरी फरक पडतो. पहिलं पत्र वाचणारा आणि पोर्टलवरच्या तक्रारीला उत्तर देणारा टेबल बहुधा वेगळा असतो, आणि दुसऱ्या टेबलावर कोणीतरी खरंच गुणाकार करून पाहतं. तक्रारीच्या प्रकारात ‘दावा नाकारला’ निवडू नये. दावा मंजूर आहे, रक्कम कमी आहे. चुकीचा प्रकार निवडला, की ‘दावा नाकारलेला नाही’ एवढ्यावरच तक्रार बंद होऊ शकते.

२० ऑगस्टला ५१,००० रुपये खात्यात जमा झाले. सोबतच्या उत्तरात चार बाबींची फेरतपासणी केल्याचं लिहिलं होतं. थिएटरच्या १३,५०० बद्दल मात्र ‘रुग्णालयाचे पत्र विचारात घेता येत नाही’. व्याजाचा उल्लेखच नाही.

साडेतेरा हजारांसाठी लोकपालाकडे जावं का? घरात मतं दोन होती. आमच्या मते जावं, कारण खर्च शून्य आहे. विमा लोकपालाकडे फी नाही, वकील लावायचा नसतो, अर्ज ऑनलाइन करता येतो आणि २०२१ च्या दुरुस्तीपासून सुनावणी व्हिडिओवरही होते. ५० लाखांपर्यंतचे दावे तिथे चालतात. ही मर्यादा २०२३ पर्यंत ३० लाख होती. साताऱ्यासाठी पुण्याचं, नारायण पेठेतलं कार्यालय. मुंबईच्या बहुतेक भागासाठी आणि गोव्यासाठी मुंबईचं. अट एक: कंपनीने तक्रार फेटाळल्यापासून वर्षाच्या आत जायचं. कंपनीने उत्तरच दिलं नसतं तर महिनाभर थांबून मग. आणि तीच बाब ग्राहक आयोगात किंवा कोर्टात चालू असेल तर लोकपाल ती घेत नाहीत. म्हणून दोन्हीकडे एकदम अर्ज टाकायचा उत्साह आवरावा. ग्राहक आयोगाचा रस्ता नंतरही मोकळा असतो, तिथली मुदत दोन वर्षांची. पण तिथे तारखा पडतात, आणि १३,५०० साठी तारखा परवडत नाहीत.

८ सप्टेंबरला अर्ज गेला. तक्रारदार म्हणून पॉलिसीधारक वडीलच हवेत, मुलगी नाही. पहिला अर्ज मुलीच्या नावाने भरला गेल्याने दुरुस्त करायला सांगितलं गेलं, त्यात आठवडाभर गेला. मागितलेल्या सवलतीच्या रकान्यात ‘न्याय मिळावा’ असं न लिहिता ‘१३,५०० रुपये आणि ६४,५०० वरील विलंबाचे व्याज’ असं लिहिलं. विलंबाचं व्याज नियमानुसार बँक दरापेक्षा २ टक्के जास्त असतं. हा बँक दर रिझर्व्ह बँक ठरवते, आपल्या बँकेच्या ठेवीच्या दराशी त्याचा संबंध नाही.

सुनावणी डिसेंबरमध्ये, व्हिडिओवर, जेमतेम पंधरा मिनिटं. वडिलांनी बोलायचं काय, हे एका कागदावर तीन ओळींत लिहून दिलं होतं: थिएटरचा दर सगळ्या खोल्यांना एकच, हे टॅरिफ कार्डाचं पान, हे रुग्णालयाचं पत्र. कंपनीच्या प्रतिनिधीला एकच प्रश्न विचारला गेला, रुग्णालयाशी झालेल्या करारातल्या दरपत्रकात थिएटरचा दर खोलीप्रमाणे बदलतो का? कॅशलेस रुग्णालयाचं दरपत्रक कंपनीच्या ताब्यात असतंच. त्याने दोन दिवसांची मुदत मागितली आणि नंतर समेटाची तयारी कळवली.

दोन्ही बाजूंनी लेखी संमती दिली, की लोकपाल महिन्याच्या आत शिफारस देतात. शिफारस आली १३,५०० ची, व्याजाशिवाय. ती मान्य असल्याचं १५ दिवसांत कळवायचं आणि मग कंपनीने १५ दिवसांत पैसे भरायचे. नामंजूर केली असती तर प्रकरण निवाड्याकडे गेलं असतं. निवाडा झाला की कंपनीने तो ३० दिवसांत पाळायचा, नाही पाळला तर २०२४ च्या मास्टर सर्क्युलरनुसार दिवसाला ५,००० रुपये तक्रारदाराला द्यावे लागतात. घरच्यांनी व्याज सोडलं. काही महिन्यांचं व्याज फार तर हजारभर रुपये झालं असतं, आणि थिएटरच्या मुद्द्यावर निवाड्यात उलटं जायची थोडी तरी शक्यता होती. हा निर्णय आम्हाला व्यवहारी वाटतो. रक्कम दोन-तीन लाखांची असती तर व्याज सोडायला नको होतं.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात पैसे जमा झाले. मार्चच्या नूतनीकरणाच्या वेळी मुलीने प्रीमियमच्या आधी रूम रेंटचा रकाना पाहिला. मर्यादा काढून टाकणारी जोडणी (ॲड-ऑन) त्याच कंपनीकडे उपलब्ध होती, वरून वर्षाला काही हजार रुपये. तिने ती घेतली, आणि वडिलांच्या पाकिटात पॉलिसी कार्डामागे एक चिठ्ठी चिकटवली: ‘भरती होताना ब्रेकअप बिल मागणे, इम्प्लांट वेगळे.’ दुसरा गुडघाही करायचाच आहे.